दोन पेनांची वही

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. फादरांनासुद्धा नाही — पापांची कबुली द्यायला गेलो, बारीकसारीक सगळं सांगितलं, आणि हे तेवढं तसंच घेऊन घरी आलो.

माझी बायको फिलोमिना, आमच्या सांडोर गावात सगळ्यांची फिलू. चाळीस वर्षं ती बोलत होती आणि मी ऐकत होतो. चष्मा, किल्ल्या, छत्री — मी हरवायचं, तिनं शोधून द्यायचं आणि वर दोन शब्द सुनवायचे. मग तिला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला. समजायचं सगळं, पण शब्द तोंडातून येईनात.

दर गुरुवारी चर्चच्या आवारात स्पीच थेरपीची गाडी यायची. गाडीतली मॅडम आमच्या मुलीच्या वयाची. तिनं मला एक वही दिली. रोज अर्धा तास चित्रं दाखवून फिलूकडून शब्द म्हणवून घ्यायचे आणि त्या दिवसापुढे बरोबरची खूण करायची. "अंकल, गाडी आठवड्यातून एकदाच येते. खरं काम घरीच होणार," ती म्हणाली.

पहिले आठ दिवस केलं. 'केळं' म्हणायला जाताना फिलूचे डोळे भरून यायचे. मला बघवेना, म्हणून सोडलं — असं मी स्वतःला सांगायचो. पण खरं सांगू? मला ते बरं वाटत होतं. लोक विचारायचे, फिलूला काय हवं, आणि मी सांगायचो — चहा नको, पंखा बंद करा. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच माझं वाक्य मध्येच कुणी तोडत नव्हतं. 'बायकोचं किती करतो' म्हणून गावात कौतुक व्हायचं ते वेगळंच. माझा तिच्यावर फार जीव आहे हो, आजही. आणि तरी मला ती गप्प हवी होती.

मग बुधवारी संध्याकाळी सातही दिवसांच्या खुणा एकदम करायचो. चार निळ्या पेनानं, तीन काळ्यानं — रोज केल्यासारखं दिसावं म्हणून. कुठे बसून? तिच्याच समोर, पडवीत. ती कुणाला सांगणार होती?

पाच महिन्यांनी मॅडमनं वही चाळली आणि माझा हात धरला. "अंकल, तुम्ही एक दिवस चुकवला नाहीत. कमी आम्हीच पडलो. आंटींना आता चित्रांची पाटी देऊ या, बोट ठेवून मागतील." गाडीतली फिलूची वेळ अर्नाळ्याच्या एका बाईंना गेली. तेव्हा मी एक वाक्य बोललो असतो तर? मला तर वाचा होती. मी होकाराची मान हलवली.

त्याच्या आदल्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. चार निळ्या खुणा झाल्या आणि काळं पेन सापडेना. खिसे चाचपले, वहीखाली पाहिलं. फिलू खुर्चीतून बघत होती. तिनं डावा हात लांब केला, टेबलावरच्या केळ्यांच्या फणीमागून पेन काढलं आणि माझ्याकडे सरकवलं.

मी ते घेतलं आणि उरलेल्या तीन खुणा केल्या.