लाल पेटीतलं बारावं पाकीट

ओनिडा प्रुइटचं आणि माझं बावीस वर्षांत एकदाही पटलं नाही, आणि ती बावीस वर्षं आम्ही एकाच टेबलाशी बसून काढली. कायदाच तसा आहे. टपालाने आलेली मतं तपासायला आमच्या काउंटीत दर टेबलावर एक रिपब्लिकन आणि एक डेमोक्रॅट लागतो. ती रिपब्लिकन, मी डेमोक्रॅट. नोकरीतसुद्धा आमची सुटका नव्हती. ती शाळेची बस चालवायची, मी शाळेच्या स्वयंपाकघरात होते. म्हणजे पोरं तिने आणायची आणि मी जेवू घालायची.

एकतीस वर्षं तिने ती पिवळी बस चालवली आणि कधी मिनिटभर उशीर केला नाही. एकदा तिचीच मुलगी, कॅरल अ‍ॅन, बुटाची नाडी बांधत दारात रेंगाळली, तर ही बाई तिला तिथेच सोडून बस घेऊन निघून गेली. पोरगी तीन मैल चालत शाळेत आली. मी तिला गरम, पावासारखं मऊ बिस्किट आणि ग्रेव्ही दिली, तर दुपारी ओनिडा स्वयंपाकघराच्या दारात उभी. म्हणाली, "एर्लीन, लाड करू नकोस तिचे. उद्या येईल वेळेवर." आणि आली की खरंच वेळेवर. तेव्हापासून ओनिडाची खात्रीच पटली, की माणसाला त्रास झाला की माणूस सुधारतो.

आमचं काम तसं सोपं. पाकिटावर मतदाराची सही हवी, खाली साक्षीदाराची सही हवी आणि साक्षीदाराचा पत्ता हवा. पत्ता म्हणजे निळ्या पाटीवरचा, घर क्रमांक आणि रस्त्याचं नाव. आमच्याकडे पूर्वी रस्त्यांना नावंच नव्हती. टपालाचा अमुक मार्ग, दारातला तमुक नंबरचा पत्रांचा डबा, झाला पत्ता. मग अँब्युलन्सला घरं सापडेनात म्हणून काउंटीने रस्त्यांना नावं दिली आणि दारोदार निळ्या पाट्या ठोकल्या. त्याला पंचवीस वर्षं होऊन गेली, पण म्हाताऱ्या माणसांचा हात अजून जुनाच पत्ता लिहितो. आणि टपालाने मत देतं कोण? म्हातारेच ना, आणि आजारी. पाकिटावर डब्याचा नंबर दिसला की ते लाल पेटीत, म्हणजे बाद मतांत जातं. दोघींनी त्यावर आद्याक्षरं केली की संपलं, ते मग कुणी फोडत नाही, मोजत नाही. मतदाराला कुणी कळवतही नाही. आपलं मत पडलं अशा समजुतीत तो बिचारा खुशाल मरतो.

मला याची चीड येते, आणि ही चीड आजची नाही. माझी आजी मत द्यायला गेली तेव्हा आमच्या याच कोर्टाच्या इमारतीत तिला राज्यघटनेचं कलम वाचून त्याचा अर्थ सांगायला लावला होता. तिने सांगितला. कारकून म्हणाला, चूक. गोऱ्यांना असलं काही विचारत नव्हते. हे मी ओनिडाला किती वेळा सांगितलं असेल. ती म्हणायची, "ते वाईटच होतं गं, मी नाही कुठे म्हणतेय? पण आता नियम सगळ्यांना सारखा आहे." पालथ्या घड्यावर पाणी.

दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये विधानसभेत नवं विधेयक आलं. साक्षीदाराच्या पत्त्याची अट काढा, आणि पाकिटावर काही चुकलं असेल तर मतदाराला फोन करून दुरुस्त करू द्या, एवढंच त्यात होतं. मी त्याच्या बाजूने बोलायला गेले, ओनिडा त्याच्या विरुद्ध बोलायला. गेलो मात्र एकाच गाडीतून, तिच्या चर्चच्या. मला मोतीबिंदू आहे आणि तिला गाडीत शांतता सहन होत नाही, म्हणून दोन तास भांडत गेलो.

तिथे समितीपुढे ती उभी राहिली, हातात पर्स घट्ट धरून. म्हणाली, "आपण राहतो कुठे हे ज्याला धड लिहिता येत नाही, त्याच्या साक्षीला काय अर्थ आहे?" तिच्या पक्षाच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. एक जण मेलेल्यांच्या मतांबद्दल बोलला, एक जण घरोघरची पाकिटं गोळा करत फिरणाऱ्या टोळ्यांबद्दल. आमच्या काउंटीत असं काही कुणी पाहिलंय का, हे विचारायची कुणाला गरज वाटली नाही. आणि आमचे तरी काय सोवळे? आमच्या पुढाऱ्याने मला मिठी मारून फोटो काढून घेतला आणि "थँक यू, एव्हलिन" म्हणून निघून गेला. अरे बाबा, माझं नाव एर्लीन. आमचेच लोक सत्तेत होते तेव्हा त्यांना हा नियम बरा चालत होता. सगळे एका माळेचे मणी. ज्याने त्याने आपापल्या पक्षाकडे बघून हात वर केले आणि विधेयक तिथेच मेलं.

त्याच वर्षी ऑक्टोबरात मोझेलने मत दिलं. मोझेल म्हणजे ओनिडाची थोरली बहीण. आमच्या काउंटीच्या एकुलत्या एक दवाखान्यात ती चाळीस वर्षं नर्स होती. माझी दोन्ही मुलं तिच्याच हातांवर जन्मली. आता फुप्फुसाच्या कॅन्सरने तिला पलंगाला खिळवलं होतं, नाकात प्राणवायूची नळी होती. आणि नेमका त्याच मतपत्रिकेवर दवाखान्याचा प्रश्न होता, की त्याच्यासाठी कर लावून तो चालू ठेवायचा का बंद करायचा. मी डंपलिंग घालून कोंबडीचा रस्सा घेऊन गेले, तर तिने मला पेनाची शाई लागलेलं बोट दाखवलं.

"आज मत दिलं," ती म्हणाली. "तीन वेळा थांबावं लागलं, पण मतपत्रिकेवरचं वर्तुळ भरताना रेघेच्या बाहेर नाही गेले हो मी. राष्ट्राध्यक्ष कुणी का होईना, माझा दवाखाना राहिला पाहिजे."

"साक्षीदार कोण?" मी विचारलं.

"ओनिडा. तिने सही केली म्हणजे काळजीच नाही."

मतमोजणीच्या दिवशी सकाळी दहापर्यंत आम्ही अकरा पाकिटं लाल पेटीत टाकली. अकराच्या अकरा जुन्या पत्त्यापायी. त्यातली सहा ओनिडाच्याच चर्चमधल्या लोकांची, म्हणजे बहुधा तिच्याच पक्षाची. तरी तिचा हात अडखळला नाही. या अकरा जणांतला एक होता होसिया टिब्ज, साखरेने डोळे गेलेला म्हातारा; साक्षीदार त्याचीच बायको, त्याच घरातली. त्याचं घर मला ठाऊक, ओनिडाला ठाऊक, त्याच्या कुत्र्याचं नावसुद्धा आम्हा दोघींना ठाऊक. मी म्हटलं, "अगं, ही दोघं कुठे राहतात हे काय तुला पाकीट सांगणार आहे?" ती म्हणाली, "मला ठाऊक असण्याचा प्रश्न नाही. लिहिलंय का, एवढंच बघायचं."

पुढचं पाकीट मोझेलचं होतं.

खाली साक्षीदाराची सही, ओनिडा प्रुइट. बसवाल्या बाईचं ठसठशीत अक्षर. आणि पत्ता: मार्ग दोन, डबा एकसष्ट. ते त्यांच्या आईबापांचं घर. मोझेल अजून तिथेच राहत होती, आणि ज्या जेवणाच्या टेबलावर बसून ओनिडाने लहानपणी वह्यांवर हा पत्ता घातला, त्याच टेबलावर बसून तिने ही साक्ष लिहिली होती. हात आपला चालत गेला. स्वतःच्या घराची निळी पाटी तिला आठवलीच नाही.

तिने पाकीट दोन्ही हातांनी टेबलावर सपाट केलं. मग हळूच म्हणाली, "एर्लीन, हे माझंच अक्षर आहे. मी कुठे राहते तुला माहीत आहे."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "होसिया कुठे राहतो तेही मला माहीत होतं."

"मोझेल जातेय गं."

"होसिया काय दोनशे वर्षं जगणार आहे? वा गं वा. आपला तो बाळ्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं?"

तिचा चेहरा पांढराफटक पडला. मला दया यायला हवी होती, पण राग आला होता, बावीस वर्षांचा. मी म्हटलं, "मी आत्ता मंजूरच्या रकान्यात सही करते. पण मग पेटी उघडायची. पर्यवेक्षकाला बोलावू, दोघी मिळून सांगू की चूक झाली, आणि अकरा पाकिटं परत घेऊ. मोझेलचं पडेल आणि त्यांचंही पडेल. एकटीचं नाही."

ओनिडा लाल पेटीकडे बघत राहिली. मग तिने पेन उचललं, नामंजूरच्या रकान्यात आपली आद्याक्षरं केली आणि पाकीट माझ्याकडे सरकवलं. मी तिथे सही केली नसती, तर दोघींचं एकमत नाही म्हणून पाकीट वरच्या निवडणूक मंडळाकडे गेलं असतं. तिथे कदाचित वाचलं असतं. पण मी केली. रागाच्या भरात केली, आणि तिनेच ते पाकीट उचलून पेटीत टाकलं.

संध्याकाळी आम्ही दोघी मोझेलकडे गेलो. तिने डोळे उघडून विचारलं, "मोजलं ना माझं?"

"मोजलं," ओनिडा म्हणाली. आयुष्यात कुणाला तिने खोटं सांगितल्याचं मी ऐकलं नव्हतं. मोझेलने माझ्याकडे पाहिलं. मीही मान डोलावली.

मोझेल नोव्हेंबरातच, थँक्सगिव्हिंगच्या सणाआधी गेली. दवाखाना एकशे नऊ मतांनी पडला, म्हणजे आमची बारा पाकिटं फोडली असती तरी तो वाचला नसता. हे मला पुष्कळांनी समजुतीच्या सुरात ऐकवलं. मी त्यांना म्हटलं, तुमची समजूत तुमच्यापाशीच ठेवा.

या मार्चमध्ये तेच विधेयक पुन्हा आलं. ओनिडाने मला फोन केला, "येतेस ना?" मला वाटलं, आता ही बोलेल. बहिणीचं पाकीट सांगेल आणि ती सगळी माणसं खाली माना घालतील. ती उभी राहिली आणि विरुद्ध बोलली. गेल्या वेळेपेक्षा कडक बोलली. मोझेलचं नाव तिने काढलं नाही. टाळ्या पडल्या, हात वर झाले, विधेयक पुन्हा मेलं.

परतताना मी गाडीत नाही नाही ते बोलले. काळीज आहे की दगड, सुंभ जळाला तरी पीळ जाईना, बहिणीला तोंड कसं दाखवशील, सगळं सगळं बोलून झालं. तिने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच ठेवले.

"हा नियम चुकीचा असेल," ती म्हणाली, "तर मग मी मोझेलचं काय केलं, ते तू मला सांग."

उत्तर माझ्या जिभेवर होतं. आजीपासूनचं तयार उत्तर होतं. पण त्या पाकिटावर सही माझीही होती. मी म्हटलं, "चल, उशीर होतोय," आणि तिने गाडी सुरू केली.