फडकं पिळायची खूण

"मावशी, तुमच्याच लेकीचं आहे ना? मग पुसा पटकन. पाहुणे येतायत."

मुख्याध्यापक बाई असं म्हणाल्या आणि साडीचा काठ वर धरून बाजूला झाल्या. वर्गाच्या मधोमध माझी सात वर्षांची पोरगी उभी. पायाखाली मूत. तिचे दोन्ही हात मागे बांधलेले. माझ्या ओढणीने. गाठ मी मारलेली.

हो, मीच. खोटं कशाला बोलू?

ठाण्याला नौपाड्यातली बहिऱ्या मुलांची शाळा. मी तिथे लादी पुसायला. माझी पोरगी जन्माची बहिरी, वर तिला ऑटिझम. बहिऱ्यांच्या शाळा म्हणायच्या, ऑटिझमवाल्यांकडे न्या. ते म्हणायचे, बहिऱ्यांकडे न्या. विठ्ठलवाडीहून दोन वर्षं खेटे घातले. शेवटी या बाईंनी घेतली, कारण लादी पुसायला त्यांच्याकडे कोणी टिकत नव्हतं. वर रोज ऐकवायच्या, "उपकार समजा."

शाळेत खुणा करायला बंदी. हात मोकळे राहिले की पोरं तोंडाने बोलत नाहीत म्हणे. बाकीची मुलं मांड्यांखाली हात दाबून बसायची. माझीला ते जमेना. तिचे हात सारखे फडफडायचे, आणि त्याच हातांनी ती बोलायची. पोटावर थाप मारली की शू. दोन मुठी एकमेकींवर पिळल्या की आई. मी दिवसभर फडकं पिळते, तेच तिने बघितलेलं.

बाईंनी ती खूण एकदा बघितली. सगळ्या शिक्षिकांसमोर हसल्या. "बघा, आईला फडक्यावरून ओळखते. रक्तातच आहे यांच्या."

मीपण हसले. आत जीव जळत होता, तरी हसले. शाळा जाईल, ही भीती. मग बाई म्हणाल्या, "उद्यापासून हिचे हात बांधून बसवा." मी बांधले. रोज. वाटलं, चार महिन्यांत तोंडाने आई म्हणेल. केवढी मूर्ख मी!

त्या दिवशी तिला शू लागली. थाप मारायला हात कुठे होते?

मी बादलीत फडकं पिळलं. तिने बघितलं. पुसत पुसत तिच्या मागे सरकले, तर ओढणीत तिच्या मुठी फिरत होत्या. मनगटं लाल झालेली. पोरगी मला हाक मारत होती.

माझं डोकं फिरलं. गाठ सुटेना, दातांनी सोडली. ओलं फडकं बाईंच्या टेबलावर आपटलं.

"तुम्ही पुसा."

"परत पाऊल टाकायचं नाही इथे!"

पोरीला कडेवर घेतलं आणि निघाले.

काम गेलं. शाळा गेली. कोपर स्टेशनजवळ एक बहिरे शिंपीकाका आहेत, त्यांच्याकडे दर रविवारी आम्ही दोघी खुणा शिकतो. माझी बोटं चुकली की ती धरून सरळ करते. लोक बघतात, फिदीफिदी हसतात. हसू देत मेले.

पण नंतरही मी ओढणी हातात घेतली की ती हात मागे न्यायची. स्वतःहून. कोणी न सांगता. त्या बाईंना माफी नाही. मलाही नाही. ओढणी वापरणं मी सोडलं.

आता नवीन शाळेच्या दारात आधी मी विचारते, "इथे पोरांना हातांनी बोलू देता?" नाही म्हणाले की तिथूनच मागे फिरते. पोरगी एकवेळ अडाणी राहील. तिला मुकी मी कोणाला करू देणार नाही.