आत्या वर चढली नाही

आमची आत्या इमारतींना पाइप-फळ्यांच्या परांच्या बांधणाऱ्या टोळीची मुकादम आहे. परांची उभी राहिली की तिचा प्रत्येक जोड आत्या स्वतः पान्ह्याने तपासते आणि मगच रंगाऱ्यांना वर पाऊल टाकता येतं. हे काम तिने आजवर कुणाच्या हाती दिलेलं नाही. मी तिची भाची. सामानाची खोली सांभाळते आणि तिची बोलणी खाते. पगार मात्र एकाच कामाचा मिळतो.

या टोळीला एक वाईट खोड होती. हेल्मेट सगळ्यांकडे, पण डोक्यावर कुणाच्याच नाही. उलटं धरलं की नट-बोल्ट ठेवायला त्याच्यासारखं भांडं नाही. आत्याही त्यातलीच. मी टोकलं की म्हणायची, माझं डोकं मुळातच टणक आहे. अडाणीपणाला अनुभव म्हटलं की कुणी काही बोलू शकत नाही.

त्या दिवशीही ती नट-बोल्टांनी भरलेलं हेल्मेट काखेत मारून खाली उभी होती. वरून पाइप जोडायचा एक लोखंडी क्लॅम्प निसटला, फळीवर आपटून उडाला आणि तिला कानाच्या वर लागला. ती मटकन खाली बसली. टेंगूळ आलं, पण रक्त नाही. टोळीतला सगळ्यात उंच गडी, लंबू, म्हणाला की रक्त नाही म्हणजे काही नाही. आत्यालाही ते पटलं. मग तिने मला विचारलं, मागच्या भिंतीच्या फळ्या आल्या का. आल्या, म्हटलं. थोड्या वेळाने तिने तेच विचारलं. चहा हातात दिला तर पुन्हा तेच. आत्या एकदा ऐकलेलं विसरणाऱ्यातली नाही.

मी तिला ओढतच दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांत बॅटरी मारली, सरळ रेषेत चालवलं, स्कॅन काढला. आत रक्तस्राव नव्हता, पण मेंदूला हादरा बसला होता. त्यांनी आम्हाला बजावलं की आज हिला एकटं सोडू नका. उलट्या झाल्या, डोकेदुखी वाढत गेली, बरळायला लागली किंवा उठवून उठली नाही, तर तडक घेऊन या. आणि चक्कर पूर्ण थांबून डॉक्टर हो म्हणेपर्यंत उंचावर चढणं बंद. हादरलेल्या डोक्याला दुसरा मार बसला तर तो महागात पडतो.

घरी आतोबा तिच्या उशाशी खुर्ची टाकून बसले आणि सारखं विचारू लागले, मी कोण? शेवटी ती म्हणाली, "रिकामटेकडे." मग आमच्या जिवात जीव आला.

काही दिवस जेमतेम घरी काढले आणि एका सकाळी ती कामावर हजर. मागच्या भिंतीची परांची तयार होती, रंगारी डबे घेऊन उभे होते, ठेकेदार घाई करत होता. आत्याने पान्हा घेतला, वर पाहिलं आणि पटकन पाइप धरला. मी जवळ गेले.

"चक्कर येतेय ना?"

तिने पाइप सोडला नाही. एवढ्या माणसांसमोर चढायला नाही म्हणणं तिला किती जड जात होतं, ते मला दिसत होतं. मला तिची भीतीही वाटत होती आणि तिच्यासाठीही वाटत होती.

मग ती टोळीकडे वळली. "वर बघितलं की मला अजून गरगरतं. मी आज चढणार नाही. आणि जोड तपासल्याशिवाय दुसरंही कुणी चढायचं नाही. दुसऱ्या टोळीचा मुकादम उद्या येईल, तो तपासेल."

ठेकेदाराने आकाशपाताळ एक केलं. आत्याने सगळं ऐकून घेतलं आणि जागची हलली नाही. मला तिचा इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले. तिने तिथेच सगळ्यांना नट-बोल्ट पिशव्यांत भरायला लावले, हेल्मेटं डोक्यावर चढवायला लावली, परांचीखालून कुणी जाऊ नये म्हणून दोरी बांधून घेतली.

लंबू मात्र हेल्मेट हातात घेऊन तसाच उभा होता. सगळे पांगल्यावर तो आत्याजवळ आला.

"बाई, परवा फळीखालून उठताना माझं टाळकं जोरात आपटलं. कालपासून उलट्या होतायत. काम जाईल म्हणून बोललो नाही."

मला वाटलं, आता याची खैर नाही. पण आत्याने त्याला हाताला धरून खाली बसवलं, मला गाडी बोलवायला सांगितलं आणि स्वतः त्याच्यासोबत गेली. त्याच्या डोक्यात रक्त साकळत होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळेत आणलंत.