सुऱ्यासाठी घातलेलं गाऱ्हाणं

कापराचा वास आला की आजही बीडीडी चाळीतली ती सकाळ आठवते आणि डोकं फिरतं. माझा जिवलग दोस्त सुऱ्या फुटबॉल खेळायला परदेशी निघाला होता. शेजारच्या तात्यांनी नारळ ठेवून, कापूर लावून देवाला मालवणीत गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्यो झील जंय खेळात, थंय गोल मारूंदे!"

"व्हय म्हाराजा!" अख्खी चाळ ओरडली. सगळ्यांत मोठा आवाज माझा.

"इंडियाची जर्सी घालूनच येतो रे," सुऱ्या मला म्हणाला होता.

पुढे तो तिकडचाच झाला. त्यांच्या जर्सीत आपल्यावर गोल मारून नाचला, तेव्हा मी टीव्ही बंद केला.

शेजारी बसलेले तात्या हळूच म्हणाले, "देवान आयकल्यान रे. खंयच्या देशासाठी, ता आमीच सांगूक इसारलव."