पथ्याचं टेबल

रत्नागिरीत आहारतज्ज्ञ म्हणून बसलं की किस्से शोधावे लागत नाहीत, पेशंटच घेऊन येतात. घरी जेवताना मी ते हसत सांगायला घेते आणि बरेचदा शेवट सांगायचा राहतो.

पावस गावचे आंबा बागायतदार भाऊ. किडन्या थकलेल्या, रक्तात पोटॅशियम चढलेलं. मी म्हटलं, "शहाळं बंद, आंबा बंद."

"मग बागेत तरी जाऊ काय?"

"जा की! फक्त खाऊ नका."

सीझनला ते एक हापूस घेऊन आले. माझ्या टेबलावरच कापला, फोड पुढे धरली. "खा, आणि यंदा चव कशी ती सांगा. गिऱ्हाईक विचारतं, मला सांगता येत नाय."

मला "गोड" एवढंच सांगता आलं!

जयगडची एक गरोदर मुलगी. हिमोग्लोबिन काही केल्या वर येईना. मी बजावलेलं, "लोहाची गोळी चहाबरोबर नको. चहा लोह अंगी लागू देत नाही."

"चहा सोडला, मॅडम."

"मग?"

"सासूबाईंना पण चक्कर येते ना! एक दिवस गोळी मी घेते, एक दिवस त्या."

सासूबाई बाहेर बाकावर होत्या. त्यांचंही रक्त तपासलं. सुनेपेक्षा कमी निघालं!

बोटीवरून रिटायर झालेले एक काका. तपासणीआधी दोन दिवस भात-साखर सोडून यायचे. रिपोर्ट झकास! मग मी तीन महिन्यांची साखर दाखवणारी टेस्ट लिहून दिली. चोरी पकडली!

"रक्ताला कसं कळलं हो?"

"साखर तांबड्या पेशींना चिकटते, काका. पेशी जगते तीनेक महिने. तोवर सगळं लक्षात ठेवते."

"तीनच महिने?" ते रिपोर्टकडे बघत राहिले. "बरं आहे तिचं. आमचा मुलगा जाऊन नववं वर्ष चाललंय."



आणि सुलभाताई. नवऱ्याला डायबेटिस, म्हणून मी सांगितल्याप्रमाणे त्या त्याचा भात वाटीने मोजून वाढायच्या. शेजारणी चिडवायच्या, "नवऱ्याला रेशन लावलंय!"

तो हार्ट अटॅकने गेला. महिन्याभराने सुलभाताई एकट्याच ओपीडीत आल्या, तो दर वेळी बसायचा त्या खुर्चीत बसल्या. मला वाटलं, आता मला चार शब्द ऐकवणार. घाईघाईने म्हटलं, "तुमची पण शुगर बघूया का?"

"मला काय झालंय?" त्या म्हणाल्या. "एकटीच्या भाताला तांदूळ किती घेऊ, तेवढं सांगा."