उखा फौजीचं खळं

आमच्या धानोऱ्यात राहायची एक सासू, तिचा एकुलता एक लेक, त्याची बायको म्हणजे मी, आणि गोठ्यात बैलांशेजारी बांधलेली एक फटफटी. खरंच बांधलेली! सासूबाईंनी मागच्या चाकाला दावं घातलं होतं. त्या गाडीचे किस्से एकमेकांची शेपटी धरून येतात, एक काढला की दुसरा दारात उभाच.

लढाई संपल्यावर लष्करानं काढून टाकलेली ती गाडी ह्यांनी आणली ती माझ्यापायी. मला आठवा सरत आला होता. आधीची दोन लेकरं गेली. दोन्ही वेळा नंदुरबारहून नर्सबाईंना घेऊन बैलगाडी पोचली तोवर सगळं संपलं होतं.

"या टायमाले मी उडीसन जासू!" हे म्हणाले.

आणि पहिल्याच दिवशी उडाले. थेट उकिरड्यात!

*

सासूबाई तशाच उखा फौजीच्या दारात. उखाभाऊ पलटणीत फटफटीवरून टपाल पोचवायचे.

"उखा, याले शिकाड. नहीतं ती गाडी मी विहीरमां लोटसू."

उखाभाऊंनी शिकवायला आमचं खळं मागितलं. ज्वारीची मळणी व्हायची होती, कणसं पडून होती. सासूबाईंनी दातओठ खात दिलं. "पन एकच महिना!"

*

पहिले आठ दिवस गाडी चालू करायची नाही, नुसती ढकलायची! हे घामाघूम.

कुंपणापलीकडून शेजारी ओरडला, "पाटील, बैल जुपा ना!"

हे चिडले, "उखा, हाई बसानी गाडी शे का ढकलानी?"

"जेले ढकलता येस नही, तेनी बसानं नही."

*

मग गाडी चालू झाली. खळ्याच्या मधल्या मेढीभोवती फेऱ्या सुरू. मी घरात पोटावर हात ठेवून. आवाज आला की जीव खालीवर, आवाज थांबला की त्याहून वाईट.

चार दिवसांत ह्यांना वाटलं, आलं! उखाभाऊंना न सांगता नंदुरबारला निघाले. थोड्या वेळानं आमच्या घरासमोरच्या मारुतीच्या देवळावरून गेले. पुन्हा गेले. तिसऱ्यांदा गेले तेव्हा सासूबाई बाहेर धावल्या.

"अरे, देवले उलटी परदक्षिणा कसाले घाली ऱ्हायना?"

"माय, हाई डावीकडेच वळस!"

मळणीचे बैल डावीकडे फिरतात, म्हणून हेही चार दिवस तसेच फिरलेले! दुसऱ्या दिवसापासून उखाभाऊंनी उजव्या फेऱ्या लावल्या. आमच्या मेढीनं तो प्रकार पहिल्यांदाच पाहिला.

*

शेवटची परीक्षा ताकाची. मागच्या सीटवर ताकाचं मडकं बांधलं. "मांगे नर्सबाई बठेल शे अस समज."

पहिल्या दिवशी नर्सबाई ह्यांच्या पाठीवरून ओघळली. दुसऱ्या दिवशी ब्रेक लागला तशी हँडलवर आली!

"मन्हं ताक!" सासूबाई ओरडल्या.

"माय, ताकच गयं ना?" उखाभाऊ म्हणाले.

सासूबाई घरात गेल्या आणि दुसरं मडकं भरून आणलं.

*

दिवस भरले. सकाळीच कळा सुरू झाल्या. हे निघाले. आवाज लांब गेला आणि मग काहीच नाही. सासूबाई उंबऱ्यात उठबस करत होत्या. "बैलगाडी लई बरी व्हती," चार वेळा म्हणाल्या. उन्हं चढली. मी दात आवळून पडलेले.

अन् आला एकदाचा आवाज! पण किती हळू! नर्सबाई उतरल्या त्या पदर खोचून थेट आत आल्या.

सगळं नीट पार पडल्यावर हात धुता धुता त्यांनी सांगितलं, "दर वळणावर हॉर्न वाजवून थांबत होते. नाल्यात मला उतरवलं, गाडी ढकलत पलीकडे नेली. आणि परत बसवताना म्हणतात कसे, 'बाई, हालू नका, ताक सांडी!'"

मुलगी झाली होती. काय रडत होती, आख्ख्या गल्लीला ऐकू येत होतं!

उखाभाऊ दारातूनच म्हणाले, "माय, महिना सरना. आते खळं तुन्हं. बैल लाव."

सासूबाईंनी नातीला पदरात गुंडाळली, तिचा चेहरा न्याहाळला.

"मळणी दुसरीकडे करसूत. ते खळं ऱ्हाऊ दे, उखा. हिले बी शिकाडनं शे!"