केंद्रसंचालकांचे अर्ज

अंबरनाथच्या आमच्या चाळीत मामांना सगळे केंद्रसंचालक म्हणत. मामा चिडायचे तर नाहीतच, उलट ओ द्यायचे. होते कारखान्यातले इलेक्ट्रिशियन. रेडिओ केंद्र कुठेच नव्हतं. होता तो फक्त त्याच्या परवान्यासाठी दिल्लीला केलेला अर्ज, आणि तो नाकारला की पुढचा अर्ज.

हे वेड हौसेचं नव्हतं. एकदा आनंदनगरच्या एका कारखान्यातून वायू सुटला. भोंगा वाजला, पण पळायचं कुठे ते भोंगा सांगत नाही. मामी धावल्या त्याच बाजूला वारा वाहत होता. त्यांना दमा कायमचा चिकटला. दोन मैलांपुरतं केंद्र काढायचं आणि वारा कुठला आहे ते लोकांना सांगायचं, एवढंच मामांना हवं होतं. उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पातून सुटे भाग आणून त्यांनी यंत्रही बनवलं. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात मावेल एवढं.

ते त्यांनी एकदाही चालू केलं नाही. "परवाना आल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही. आपण काय चोर आहोत?" पुन्हा एकदा वायू सुटला तेव्हा मामा दारोदार ओरडत फिरले, घसा बसेपर्यंत. डबा फळीवर तसाच होता. त्या दिवशी मला त्यांचा संताप आला होता.

पण अर्जावर त्यांची श्रद्धाच होती. त्यांच्या वडिलांनी गावातला पाणवठ्याचा हक्क अर्ज करकरून मिळवलेला. दिल्लीचं उत्तर वर्षा-दीड वर्षाने यायचं, की खाजगी व्यक्तीला असा परवाना देण्याची तरतूद नाही. मामा ते दोनदा वाचत. "तरतूद नाही म्हणजे नकार नाही. तरतूद करता येते." चाळ हसायची. मीही हसायचो आणि पुढचा अर्ज टाइप करून द्यायचो, कारण विठ्ठलवाडीच्या क्लासात टायपिंग शिकलेला चाळीत मी एकटाच.

नव्वदच्या दशकात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हवेतल्या लहरी जनतेच्या मालकीच्या आहेत. मामांनी बातमीचं कात्रण नव्या अर्जाला जोडलं. यंत्राच्या तपशिलात त्यांनी सांगितलं तसं मी टाइप केलं, की यंत्र तयार असून अर्जदाराच्या राहत्या घरी आहे. कार्बन काढून झाल्यावर त्यांनी विचारलं, "हे असं चालेल ना रे? का 'बनवणार आहे' लिहायचं?"

परवान्याशिवाय असं यंत्र बाळगणं हाच गुन्हा, हे दिल्लीच्या एका जुन्या पत्राच्या तळाशी छापलेलं मी वाचलं होतं. पण चार पानं पुन्हा टाइप करायचा मला कंटाळा आला होता. राहू द्या, म्हटलं.

या वेळी पत्र आलं नाही, दोन पोलीस आले. पंचनामा केला, डबा उचलला, मामांना दिवसभर चौकीत बसवलं. स्वतःच्या गुन्ह्याचा पुरावा सहीनिशी सरकारला पाठवणारा माणूस हवालदाराने पहिल्यांदाच पाहिला होता. खटला झाला नाही, पण कारखान्याने चौकशीच्या नावाखाली मामांना सहा महिने घरी बसवलं. मी मामांकडे जाऊन सगळं खरं सांगितलं. मामा म्हणाले, "लिहिलेलं खोटं नव्हतं ना? मग तुझी काय चूक?" त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

शतक संपता संपता सरकारने खाजगी केंद्रांना परवाने खुले केले. मोठ्या शहरांसाठी, बोली लावून, बड्या कंपन्यांना. मामी तोवर गेल्या होत्या, त्याच दम्याने. मामा बदलापूरला मुलीकडे राहायला निघाले होते. त्याआधी मला बोलावून त्यांनी शेवटचा अर्ज टाइप करून घेतला. आजवरचे माझे सर्व अर्ज मी मागे घेत आहे, एवढीच एक ओळ.

त्याचं उत्तर पंधरा दिवसांत आलं. विनंती मान्य. खाली सही, बाजूला गोल शिक्का. मामांनी तो कागद मला वाचायला दिला आणि ट्रंक बांधायला लागले. दिल्लीने त्यांचं मान्य केलेलं तेवढं एकच.